ओटे नव्हे, वटे

त्या मुलाखतीतलं उत्तर ठाऊक नाही असा माणूस नाशकात शोधावा लागेल. रिक्षावाल्याला विचारा, पाणीपुरीवाल्याला विचारा, तो भाऊंचा आवाज काढूनच दाखवेल. "वटे नाय बांधले, बाई. बांधायचे नव्हतेच कधी." एका स्थानिक केबल चॅनेलवरच्या मुलाखतीतला एवढाच तुकडा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. लग्नात जेवणाला उशीर झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "भात नाय टाकला, बाई. टाकायचा नव्हताच कधी." आणि पंगत हसते.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. भाऊ म्हणजे आमच्या भागातले तेव्हाचे मोठे पुढारी. आसपासच्या मळ्यांतून भाजी आणि फुलं घेऊन येणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला, गटारीला पाठ लावून बसायच्या. त्यांच्यासाठी एका मोकळ्या जागेवर मार्केट होणार होतं. बसायला सिमेंटचे ओटे, वर पत्रा, प्यायला नळ. भाऊंनी नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो छापून आले. पुढे त्या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं आणि बायका होत्या तिथेच राहिल्या. मुलाखत घेणाऱ्या बाईने त्याबद्दल विचारलं तेव्हा, जन्मभर "लक्ष घालतो" असं म्हणत आलेला तो माणूस कॅमेऱ्यासमोर खरं सांगून बसला. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही.

उत्तर असं सगळ्यांना पाठ. प्रश्न मात्र कुणालाच ठाऊक नाही, कारण क्लिप उत्तरापासूनच सुरू होते. प्रश्न विचारणारी तिच्यात दिसतसुद्धा नाही. टेबलाच्या कडेला तिच्या साडीचा काठ तेवढा दिसतो. मला ही गोष्ट कधी खटकली नव्हती. मग त्या मुलाखतीवर सिनेमा करायचं ठरलं आणि त्या काठामागची बाई माझ्या वाट्याला आली.

मी काही सिनेमातली बाई नव्हे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरला नोकरी करते, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धांत दरवर्षी कुणाची तरी आई, कुणाची तरी विधवा बहीण होते. दिग्दर्शक मुलगा नाशिकरोडचाच, पुण्याला शिकून आलेला. माझं एक नाटक पाहून तो घरी आला आणि म्हणाला, "ताई, मला देखणी अँकर नकोय. मला हट्टी बाई पाहिजे." आत चहा गाळत असलेला माझा नवरा तिथूनच म्हणाला, "पोरगा हुशार आहे. पहिल्या भेटीत माणूस ओळखला."

भाऊंच्या भूमिकेत मुंबईचे एक मोठे नट होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. सिनेमा बहुतेक एकाच खोलीत घडणारा, दोन खुर्च्या आणि मधे टेबल. म्हणजे पूर्ण वेळ मी आणि सर. पहिल्या वाचनाला मी नवी साडी नेसून गेले आणि तासाभरात तिची लाज वाटायला लागली. सर घरच्या सदऱ्यात आले होते, आणि वाचायला लागले तेव्हा समोर भाऊ बसले होते. "लक्ष घालतो" हे दोन शब्द संहितेत किती ठिकाणी होते, आणि सरांच्या तोंडून ते दर वेळी निराळे यायचे. एकदा ते वचन वाटायचं, एकदा सरळ धमकी. एकदा तर चष्मा पुसता पुसता त्यांनी ते असं काही म्हटलं की मला उठून जावंसं वाटलं. ते नक्कल करत नव्हते. भाऊंची चाल, खाकरणं, यातलं काहीच त्यांनी घेतलं नव्हतं. समोरच्याला आपण किती वेळ खेळवू शकतो याची त्या माणसाला असलेली खात्री तेवढी त्यांनी उचलली होती.

मला भीती वाटली, आणि रागही आला. हा माणूस मला सहज गिळून टाकेल आणि लोक म्हणतील, समोर कुणीतरी बाई होती. क्लिपमध्ये झालं तेच सिनेमात होणार. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की तसं होऊ द्यायचं नाही.

पण वाचन शेवटच्या प्रसंगाशी आलं की अडायचं. माझ्या पानावर वाक्य होतं, "मग ते ओटे कुठे आहेत, साहेब?" आणि त्यावर सरांचं ते जगप्रसिद्ध उत्तर. सर दर वेळी तिथे थांबत, पान उलटून मागे जात, पुन्हा पुढे येत.

"मी हे का सांगतोय?" ते विचारायचे.

"त्याच्या मनाला लागतं ना, सर," दिग्दर्शक म्हणायचा.

"मनाला लागणारा माणूस इतका वेळ टोलवाटोलवी करतो का? हाच प्रश्न तिने आधी तीन तऱ्हांनी विचारलाय. तेव्हा मी हसून उडवला. मग आताच काय झालं?"

संवाद लिहिणाऱ्याने प्रश्न वर्तमानपत्रातल्या छापील मुलाखतीतून घेतला होता. चॅनेल केव्हाच बंद पडलेलं. इंटरनेटवर मुलाखतीचे तुकडे होते, पण त्या जागी सगळ्यांत कात्री लागलेली.

आमच्या स्टोअरमध्ये एक सहकारी आहे, त्याला माझी फिरकी घेतल्याशिवाय चहा जात नाही. सिनेमाचं कळल्यापासून तो मी आत शिरले की फोनवर ती क्लिप लावायचा. एका सकाळी मी रजिस्टर उघडत होते आणि मागे भाऊंचा आवाज आला, "वटे नाय बांधले, बाई." मी म्हटलं, पुन्हा लाव. त्याला वाटलं मी चिडले. मी पुन्हा लावायला लावली, मग तिसऱ्यांदा. तो घाबरून म्हणाला, "बाई, गंमत केली."

वटे. भाऊ वटे म्हणाले होते. उरलेल्या तुकड्यांत ते सगळीकडे ओटे म्हणतात. "ओट्यांचा प्रस्ताव प्रक्रियेत आहे", "ओट्यांच्या संदर्भात मी स्वतः लक्ष घालतो". स्वच्छ, सभेतली मराठी. हजारदा ऐकून आम्हाला सगळ्यांना वाटायचं की गावचा माणूस, बोलला गावचं. पण गावचा माणूस कॅमेऱ्यासमोर गावचं बोलत नाही, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं फार थोड्यांना असेल.

मखमलाबादकडे आमचा मळा होता. वडील झेंडू आणि शेवंती लावायचे. दारापुढे वटा होता, त्यावर बसून आई माळा करायची. त्याला ओटा म्हणतात हे मला शाळेत कळलं आणि तरी ते घरच्या वट्याला लागू आहे असं कधी वाटलं नाही. मग नोकरी लागली, नाटकात शिरले. पहिल्याच स्पर्धेत मी टाळ्यांच्या वाक्याला "वटा" म्हटलं आणि सगळं सभागृह फिसकन हसलं. परीक्षकांनी व्यासपीठावरून सांगितलं, बाईंकडे ताकद आहे, पण उच्चारांकडे लक्ष द्यावं. मी लक्ष दिलं. आरशासमोर उभी राहून आहे, नाही, ओटा, पाणी, असं घोकलं. नवरा म्हणायचा, देव पावला असता एवढ्यात. आता माझ्या तोंडून वटा काढायचा तर मला झोपेतून उठवावं लागेल.

किंवा आईने फोन करावा लागेल. तेच मला त्या सकाळी सुचलं. आई फोनवर आली की माझी सगळी घोकंपट्टी गळून पडते. आईचंही तसंच. सटाण्याहून तिच्या बहिणीचा फोन आला आणि तिकडून "कशी शे तू?" आलं की आई त्या क्षणी माहेरच्या अहिराणीत शिरते, मधे दार नसल्यासारखी. माणूस आपण होऊन घरची भाषा काढत नाही, समोरच्याने काढली तर काढतो. भाऊ वटे म्हणाले, कारण त्याआधी कुणीतरी त्यांना वटे म्हटलं होतं. आणि त्या खोलीत भाऊंशिवाय बोलणारं एकच माणूस होतं.

मी दिग्दर्शकाकडून तिचा पत्ता घेतला.

ती आडगाव नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर राहते. दार उघडून तिने "या ना, मॅडम" म्हटलं आणि मला वाटलं हा आवाज मी रोज ऐकते. खरोखरच रोज ऐकत होते. चॅनेल सुटल्यावर ती घोषणा रेकॉर्ड करून देते. आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते तिच्यावरचा "ओला कचरा आणि सुका कचरा कृपया वेगवेगळा द्यावा" हा आवाज तिचा. एकही अक्षर हललेलं नाही, एकही ण घसरलेला नाही. मी तसं म्हटलं तर ती खूश झाली. म्हणाली, "तेवढी मेहनत घेतलीय मी त्यावर."

चहा झाला. मग मी विचारलं, "तुम्ही वटे म्हणालात ना?"

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं आता आपल्याला उठावं लागणार.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"भाऊंनीच. त्यांच्या उत्तरातून कळलं."

मग तिने सांगितलं. तिची आई त्याच रस्त्यावर, त्याच गटारीशी भाजी घेऊन बसायची, अजूनही बसते. मुलाखतीच्या दिवशी सकाळी स्टुडिओत जाताना तिने पाहिलं, एक टँकर पाणी उडवत गेला आणि आईने मेथीच्या जुड्या पदराने पुसल्या. ती गाडीतून उतरली नाही, उशीर होत होता. मुलाखतीत ती आपण, साहेब, प्रस्ताव, प्रक्रिया असं सगळं नीट बोलत राहिली. भाऊ नीट टोलवत राहिले. मग पुन्हा एकदा त्यांनी "लक्ष घालतो" म्हटलं आणि तिच्या डोळ्यांपुढे त्या जुड्या आल्या.

"मी 'मंग वटे कुठं हायेत, भाऊ?' असं म्हणाले," ती म्हणाली. हे वाक्य तिने अगदी हळू म्हटलं. "म्हणाले आणि तेव्हाच कळलं, गेलं सगळं."

पहिल्यांदा मुलाखत दाखवली तेव्हा प्रश्न होता. पुन्हा दाखवताना मालकांनी तो कापायला लावला. चॅनेल आहे की भाजीबाजार, असं म्हणाले. उत्तर ठेवलं, ते गाजत होतं. ऑफिसात तिला वटेवाली म्हणायला लागले. मेकअप करणारीसुद्धा म्हणायची, हसून, प्रेमाने. सहा महिन्यांत तिला बातम्यांवरून काढून पाककृतींच्या कार्यक्रमाला बसवलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "आपण तो प्रश्न परत आणू. जसाच्या तसा."

"नको," ती म्हणाली. "प्रश्न आणा. पण मला ओटे म्हणू द्या. सिनेमा कायम राहतो, मॅडम. उद्या माझ्या मुलीची मुलगी बघेल. तिथे तरी मला नीट बोलू द्या."

तिने हे हात जोडून म्हटलं असतं तर मी वाद घातला असता. पण तिने ते घंटागाडीच्या आवाजात, स्वच्छ मराठीत म्हटलं. मी शब्द दिला, की तुम्ही सांगाल तेच वाक्य म्हणेन आणि हे कुणाला सांगणार नाही. जिना उतरताना मला तिचा राग येत होता, चॅनेलच्या मालकाचा येत होता आणि त्या परीक्षकांचाही येत होता. पण शब्द दिला होता आणि तो मोडायचा नव्हता. तो न मोडता प्रश्न परत आणायचा, हेही मी नाशिकरोडच्या बसमध्ये बसेपर्यंत ठरवून टाकलं.

सातपूरला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये स्टुडिओ उभारला होता. शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी दिग्दर्शकाने तिला बोलावलं होतं. ती इस्त्रीच्या साडीत आली आणि कॅमेऱ्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. सगळे तिच्याशी आदराने बोलत होते, आणि तो आदर बघून मला कळलं की वटेचा विषय मी चारचौघांत काढू शकणार नाही.

"मग ते ओटे कुठे आहेत, साहेब?" मी म्हटलं. सरांनी उत्तर दिलं. दिग्दर्शक म्हणाला, छान, अजून एकदा. सरांनी एकदा डोळे मिटून उत्तर दिलं, एकदा पाण्याचा घोट घेऊन, एकदा नुसतं कुजबुजत. प्रत्येक वेळी ते उत्तम होतं आणि प्रत्येक वेळी ते खोटं होतं, हे त्यांनाच सगळ्यात आधी कळत होतं. शेडवरचा पत्रा तापला होता. सर घामाघूम झाले, पण चिडले नाहीत. अशा दर्जाचा नट एका वाक्यासाठी इतका झगडतो हे मी प्रथमच बघत होते. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. त्या वाक्याची चावी माझ्या तोंडात होती आणि मी तोंड मिटून बसले होते.

दिग्दर्शक माझ्याकडे आला. "ताई, तुम्ही आवाज चढवा. टेबलावर हात मारा. म्हणजे ते हलतील."

"मी टेबल बडवणार नाही."

"मग डोळ्यांत पाणी आणा."

"तेही आणणार नाही. ती बाई रडली नव्हती."

"मग काय करायचं ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला. थकला होता बिचारा. मागे संगीतकाराशी बोलून आला होता, की या जागी सारंगी टाकून वेळ मारून नेता येईल का. मी म्हटलं, जेवणाची सुट्टी कर.

सगळे पिठलं-भाकरीकडे वळले. मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. अंगावर तिच्यासारखीच साडी, केस तिच्यासारखे बांधलेले. तिने विचारलं, "मॅडम, माझ्यामुळे अडलंय का?"

आणि मी तिच्याशी घरचं बोलले. ठरवून बोलले. इतक्या लोकांत, नाटकाच्या जगात, मी तसं कधी बोलले नव्हते.

"बाई, मह्या बापाचा मखमलाबादला मळा व्हता. दारापुढं वटा व्हता आमच्या. मीबी वटाच म्हनायची. स्टेजवर म्हनले तर लोक हासले, मंग मी त्यो शब्द गिळला. आजपत्तूर गिळला."

तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"तुमी तर लय शुद्ध बोलता," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन थांबली.

"तुमच्या प्रश्नाला त्यो तीनदा नाय बोलला," मी म्हटलं. "प्रस्ताव, प्रक्रिया, त्याला ते सगळं येत व्हतं. वट्याला काय उत्तर द्यायचं ते त्याला कुनी शिकवलं नव्हतं. त्याच्याबी घरापुढं वटाच आसंल ना. तुमी चुकल्या नाय, बाई. तेवढंच एक त्या मुलाखतीत बरोबर व्हतं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी शब्द दिलाय," मी म्हटलं. "तुमी ओटे म्हना म्हनल्या तर मी ओटेच म्हनंल. सारंगी लावतील, चालून जाईल."

"कुनी हासलं तर?"

"हासू द्या."

"त्योबी हासला व्हता," ती एकदम म्हणाली. "भाऊ. आदी हासला. तोंडभर हासला, घरात हासतात तसा. मला वाटलं, मला हासतोय. मंग त्याचं त्यालाच कायतरी झालं." तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "म्हना. पन सरांना सांगू नका. भाऊला तरी कुठं म्हाईत व्हतं."

जेवणानंतर आम्ही जागेवर बसलो. सरांनी कॉलर नीट केली. मी ना दिग्दर्शकाला सांगितलं होतं, ना सरांना. प्रसंग सुरू झाला. सरांनी ते शेवटचं "लक्ष घालतो" म्हटलं, अगदी गोड, आता विषय संपला अशा थाटात.

"मंग वटे कुठं हायेत, भाऊ?" मी म्हटलं.

सर हसले. संहितेत हसू नव्हतं. ते सरांचं हसू होतं की भाऊंचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मोठं, मोकळं हसू, घरातलं कुणीतरी अवचित दारात दिसल्यावर येतं तसं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसू हळूहळू उतरायला लागलं. ज्यांचा त्यांनी इतका वेळ टेकू घेतला होता ते सगळे शब्द हातून गेले, आणि नवे सापडेनात. मला वाटलं आता ते थांबतील आणि विचारतील, हे काय. ते थांबले नाहीत.

"वटे नाय बांधले, बाई," ते म्हणाले. मग टेबलाकडे बघत, "बांधायचे नव्हतेच कधी."

दिग्दर्शक कट म्हणायलाच विसरला. सरांनी रुमालाने चेहरा पुसला आणि मला विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो, सर."

"मग सकाळपासून मला का घाम गाळायला लावलात?"

"सांगायचं माझ्या हातात नव्हतं." मी तिच्या खुर्चीकडे बघितलं. सरांनीही बघितलं. मग ते उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि तिला विचारलं की जेवलात का. एवढंच. पुढे ज्या ज्या ठिकाणी त्यांच्या कामाचं कौतुक झालं, तिथे ते प्रश्नाबद्दलच बोलत राहिले. माझ्याबद्दल फार लिहून आलं नाही. एकाने लिहिलं, समोरच्या बाईंनी संयत साथ दिली. नवऱ्याने ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि त्याखाली लिहिलं, संयत?

नाशकातला पहिला खेळ दुपारचा होता. रस्त्यावर बसणाऱ्या बायकांना दिग्दर्शकाने मुद्दाम बोलावलं होतं. माल तसाच झाकून त्या आल्या, काही टोपल्या घेऊनच. थिएटरवाला कुरकुरला, मग एका कोपऱ्यात टोपल्या ठेवायला दिल्या आणि तो सगळा कोपरा शेपूच्या वासाने भरून गेला. मी मुलाखत घेणाऱ्या बाईच्या शेजारी, तिच्या पलीकडे तिची आई.

तो प्रसंग आला. पडद्यावर मी म्हटलं, "मंग वटे कुठं हायेत, भाऊ?" मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी काही. ते हसू मी ओळखलं, ते माझ्या पहिल्या स्पर्धेतलं हसू होतं. तिचा हात माझ्या हातात होता, तो तिने ओढून घेतला. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू. पण पडद्यावर सरही हसत होते आणि सभागृह त्यांच्याबरोबर हसत गेलं. मग सरांचं हसू उतरलं आणि लोकांचं अधांतरी राहिलं. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. वाटलं होतं, सगळे एका सुरात म्हणतील. कुणी म्हटलं नाही. सर एकटेच म्हणाले.

त्या शांततेत तिची आई मोठ्याने म्हणाली, "आगं, हे तू इचारलं व्हतं?"

"हां," ती म्हणाली.

"मला वाटलं भाऊ आपसूकच बोलला." म्हातारी तिच्याकडे वळली. "मंग आतापत्तूर सांगितलं का नाय?"

विचारता विचारता आईनेच पदर पुढे केला आणि तिचे डोळे पुसले. त्या पदराला मातीचा आणि मेथीचा वास येत होता. मी पडद्याकडे बघत राहिले, पण मला पुढचं काही दिसलं नाही.

खेळ सुटल्यावर बाहेर गर्दी झाली. सरांबरोबर फोटो काढायला लोक लोटले. तेवढ्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यातले एक तरुण पुढारी आले, येत्या निवडणुकीला आमच्या भागातून उभे राहणारे. त्यांनी सरांना शाल घातली, मला नमस्कार केला, बायकांच्या घोळक्याकडे वळले आणि हात उंचावून म्हणाले, "माय-माऊल्यांनो, चिंता करू नका. ओट्यांच्या विषयात मी स्वतः लक्ष घालतो."

आजूबाजूच्यांनी फोन वर केले. मला तोंड उघडायची फार इच्छा झाली. पण तो प्रश्न माझा नव्हता, मी तो फक्त एकदा उसना घेतला होता. मी तिच्याकडे बघितलं. ती आईची टोपली उचलून देत होती. तिने ती आईच्या डोक्यावर नीट ठेवली, चुंबळ सरळ केली आणि वळली.

"लक्ष ऱ्हाऊ द्या, दादा," ती म्हणाली. घंटागाडीवर ऐकू येतो तसाच खणखणीत आवाज होता. "वटे कुठं बांधनार, तेवढं सांगा."

दादा हसले. त्यांच्याभोवतीचे हसले. ती हसली नाही, तिची आई हसली नाही, आणि टोपल्या घेतलेल्या बाया तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. दादा काय म्हणाले ते गलक्यात मला नीट ऐकू आलं नाही.

ऐकायची घाई नव्हती. आमची रिक्षा द्वारका सर्कलला पोचायच्या आत क्लिप माझ्या फोनवर आली. मी लावली. ती तिच्या प्रश्नापासून सुरू होत होती.